आखणीतला माणूस

रात्री पावणेएकला मिळायचा ब्लॉक त्या दिवशी दोनला मिळाला. ब्लॉक म्हणजे रुळांवर काम करता यावे म्हणून ठरावीक वेळापुरती गाड्यांची ये-जा थांबवणे. मुंबईकरांना रविवारच्या मेगाब्लॉकमुळे हा शब्द तोंडपाठ आहे. सुरुवात सव्वा तासाने लांबली, पण संपायची वेळ होती तीच राहिली, पहाटे चार. सव्वातीन तासांचे काम दोन तासांत बसवायचे होते. शेजारच्या मार्गावर नजर ठेवून शिट्टी वाजवायला जो माणूस उभा केला होता, तोही मग खडी ओढायला उतरला. तसा हुकूम कोणी दिला नाही. मुकादमाने नुसते त्याच्याकडे पाहिले आणि त्याने फावडे उचलले. तीन वाजून गेल्यावर शेजारच्या मार्गावरून मालगाडी आली. तिचा वारा ज्याच्या पाठीला घासून गेला तो पोरगा एकोणीस वर्षांचा होता. तो वाचला. गाडी गेल्यावर बराच वेळ तो रुळांकडे पाठ करून खडीवर बसून राहिला, आणि मग बाकीच्यांबरोबर कामाला लागला. सकाळच्या रिपोर्टात 'काम वेळेत पूर्ण' एवढेच लिहिले गेले. तो रिपोर्ट मी लिहिला होता.

त्या रात्री प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट होते, अंगात चकाकणारे जॅकेट होते, काम सुरू होण्याआधीचा टूलबॉक्स टॉकही झाला होता. ब्लॉकच्या आखणीच्या कागदावर यंत्रांना रकाना होता, रुळांना होता, खडीला होता, डिझेललासुद्धा होता. ब्लॉक आखूड झाला तर कोणते काम सोडून द्यायचे, याला रकाना नव्हता. ते कोणी ठरवायचे, यालाही नव्हता. मग ते ठरवले मुकादमाने, अंधारात, घड्याळाकडे बघत. इतक्या वर्षांनंतर मला ठामपणे म्हणायचे आहे ते एवढेच: रेल्वेच्या बांधकामावर माणूस जातो तो क्षण साइटवरचा असतो, पण त्या क्षणाची तयारी कित्येक आठवडे आधी, टेबलावर, वेळापत्रकात झालेली असते. या एका म्हणण्याभोवती हे पुस्तक जमले आहे.

या विषयाशी ओळख नसलेल्या वाचकाला आधी त्याचा पसारा दाखवला पाहिजे. 'रेल्वेचे बांधकाम' असे आपण एका दमात म्हणतो, पण त्यात निदान चार वेगळी जगे आहेत. उघड्या माळावर भराव घालून नवा मार्ग टाकणे हे एक. तिथे धोका मातीचा, डंपरचा, उन्हाचा आणि एकटेपणाचा; जवळचे इस्पितळ चाळीस किलोमीटरवर असते. डोंगर फोडून बोगदा काढणे हे दुसरे. तिथे खडक, पाणी, सुरुंग आणि हवा. नदीवर किंवा दरीवर पूल बांधणे हे तिसरे, जिथे उंचीवर शेकडो टनांचे गर्डर हलवायचे असतात. चौथे जग चालू मार्गालगतचे: दुहेरीकरण, तिसरी-चौथी लाइन, यार्डाची फेररचना, विद्युतीकरण. इथे डोक्यावर पंचवीस हजार व्होल्टची तार आणि हातभर अंतरावरून जाणारी गाडी. बाहेरच्या माणसाला पहिली तीन कामे भयंकर वाटतात. रुळांवर आयुष्य घालवलेला माणूस विचाराल तर चौथ्याचे नाव घेईल, कारण तिथे सवय होते.

या चौथ्या जगाचे नियम जुने आणि चांगले आहेत. ब्रॉडगेजवर मार्ग धोक्यात असेल तर ६०० मीटरवर बॅनर फ्लॅग लावायचा, १२०० मीटरवर रुळावर डिटोनेटर ठेवायचे, ज्यांना आमची माणसे फटाके म्हणतात. पण ताशी ११० किलोमीटरने येणारी गाडी १२०० मीटर अंतर चाळीस सेकंदांच्या आत कापते. त्या चाळीस सेकंदांत हातातले अवजार टाकून, सोबत्याला हाक मारून, कोणत्या बाजूला उडी घ्यायची हे ठरवून बाजूला व्हायचे असते. बाजूला उभे राहायला जागा आहे का, तिथे खडीचा ढीग तर टाकलेला नाही ना, हे नियमपुस्तकात बसत नाही. ते त्या दिवसाच्या आखणीत बसते. नियम आणि आखणी यांतली ही फट पुस्तकात पुन्हा पुन्हा दिसेल.

इतिहास सांगायचा तर बोरघाटापासून सुरुवात करणे मराठी माणसाला भाग आहे. १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, तो सोहळा सर्वांना ठाऊक असतो. त्यानंतर तीन वर्षांनी जीआयपी रेल्वे कंपनीने बोरघाट, म्हणजे खंडाळ्याचा घाट, चढायला घेतला. पंचवीस किलोमीटरच्या आसपास लांबी, साडेपाचशे मीटरांहून अधिक चढ, पंचवीस बोगदे, आठ मोठे दगडी पूल. काम सात वर्षे चालले. १८६१ च्या सुमारास घाटात एका वेळी ४२,००० माणसे राबत होती. डायनामाइट तेव्हा जगात आलेच नव्हते. काम चालले ते टिकाव, पहार, घमेले आणि काळ्या दारूवर. काही कड्यांवर पाय टेकायलाही जागा नव्हती, तिथे माणसे दोराने खाली सोडून भोके पाडून घेतली गेली. बायका होत्या, मुले होती. पावसाळा आला की काम जवळजवळ थांबे, माणसे गावी जात आणि दिवाळीच्या पुढेमागे पुन्हा घाट चढत.

मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी घाटातली रेषा नक्की करण्याआधी पाहणीवर वर्षे खर्च केली. किती चढाला किती वळण, इंजिनाला दम खायला जागा कुठे, हे सगळे फुटाफुटाने आखले गेले, आणि त्या आखणीपुढे आजही मान लवते. पण बेचाळीस हजार माणसांनी पाणी कुठले प्यायचे, शौचाला कुठे जायचे, आजाऱ्याला कुठे ठेवायचे, याची आखणी तशी झाली नाही. कड्यावरून पडून किंवा सुरुंगात जितकी माणसे मेली असतील त्याहून कितीतरी अधिक कॉलऱ्याने आणि तापाने नेली. साथ आली की टोळ्याच्या टोळ्या काम टाकून पळत. पैशांची तीच गत. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याच्या हाताखालच्या पोटकंत्राटदारांकडे मजुरी थकली आणि जानेवारी १८५९ मध्ये घाटात दंगल उसळली. त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोचल्यावर काही आठवड्यांतच आजाराने मेला, आणि त्याची पत्नी अॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट अंगावर घेऊन पूर्ण केले. १८६० साली सार्वजनिक बांधकामावरच्या मजुरीच्या तंट्यांसाठी सरकारने कायदा केला. त्याने मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे जायची वाट दिली आणि करार मोडल्यास त्याला शिक्षेची तरतूदही केली. मजुराला दार उघडताना त्याच दारात शिपाई उभा करायचा, ही रीत तेव्हापासूनची.

हे सारे परक्या राज्यात घडले म्हणून घडले, असे मात्र समजू नये. खुद्द इंग्लंडात वुडहेडचा बोगदा १८४५ साली पुरा झाला, तेव्हा त्यात तीसेक माणसे मेली होती आणि शंभराहून अधिक जबर जखमी झाली होती. एडविन चॅडविकने हिशेब मांडून दाखवले की तिथल्या मजुरांतले मेलेल्या-जखमींचे प्रमाण मोठ्या लढायांतल्या सैनिकांच्या तोडीचे आहे. त्याचा उपाय साधा होता: अपघाताचा खर्च कंपनीच्या माथी मारा, म्हणजे अपघात टाळण्याची अक्कल कंपनीला आपोआप येईल. १८४६ साली पार्लमेंटच्या समितीने हे म्हणणे उचलून धरले, पण त्यावर कायदा झाला नाही. कामगाराला भरपाईचा सर्वसाधारण हक्क तिथे मिळायला १८९७ उजाडले, आणि आपल्याकडे १९२३.

गॉटहार्डची कथा मला याहून बोलकी वाटते. आल्प्समधला पंधरा किलोमीटरचा हा बोगदा लुई फाव्रने १८७२ साली आठ वर्षांत पुरा करून देण्याच्या बोलीवर घेतला. उशीर झाला तर दिवसागणिक दंड होता. हा दंड फाव्रकडून पोटकंत्राटदाराकडे, त्याच्याकडून टोळीकडे, आणि शेवटी सुरुंगाचा धूर निवळायच्या आत आत शिरणाऱ्या माणसाकडे उतरत गेला. १८७५ मध्ये मजुरांनी संप केला, गोळीबारात चौघे मेले. आतल्या उष्ण, ओलसर घाणीत हुकवर्म इतका माजला की त्या रोगाचा अभ्यासच या मजुरांवरून पुढे गेला. एकूण बळी दोनशेच्या आसपास. फाव्र स्वतःही १८७९ साली बोगद्यातच हृदयविकाराने गेला. त्याच डोंगराखालून पुढे ५७ किलोमीटरचा नवा बोगदा काढला गेला. तो २०१६ साली खुला झाला आणि त्यात नऊ माणसे गेली. नऊही जास्तच. पण जवळजवळ चौपट लांबीच्या कामात दोनशेवरून नऊवर येणे हे काही नशिबाने होत नाही. जपानातही तेच दिसते. १९३४ साली पुऱ्या झालेल्या आठेक किलोमीटरच्या तान्ना बोगद्यात ६७ बळी, आणि १९८८ साली खुल्या झालेल्या, समुद्राखालून जाणाऱ्या ५४ किलोमीटरच्या सेइकानमध्ये ३४.

आपल्याकडचा मोठा टप्पा कोकण रेल्वेचा. १९९० साली महामंडळ झाले, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख, आणि १९९८ च्या जानेवारीत सबंध मार्ग खुला झाला. सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदहून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. कागदोपत्री ७४ माणसांनी या कामात जीव गमावला. या प्रकल्पाकडून शिकायच्या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट टोकांच्या आहेत. रत्नागिरीजवळच्या पानवल नदीचा पूल ६४ मीटर उंच. तिथे भारतात पहिल्यांदाच अशी पद्धत वापरली गेली, की पुलाचा गाळा दरीच्या काठावर, जमिनीवर ओतायचा आणि मागून ढकलत पुढे सरकवायचा. दरीत उंच परांची उभारून, वाऱ्यात लोंबकळत काम करायची गरजच उरली नाही. सेफ्टी बेल्ट न वाटताही शेकडो माणसांच्या कामाची उंची कमी झाली, कारण ती नकाशावरच कमी केली होती. दुसरे टोक पेडणे. गोव्यातल्या या बोगद्यात खडकाऐवजी भिजल्या पिठासारखी माती लागली. ती पुन्हा पुन्हा ढासळली आणि सगळ्या मार्गाचे उद्घाटन तिच्यापाशी अडून राहिले. कोकणातल्या सह्याद्रीचा कातळ पाहून घेतलेला अंदाज पेडण्याच्या मातीला लागू नव्हता. जमिनीची पाहणी हे सुरक्षेचे पहिले काम असते, हे कोणत्याही भाषणापेक्षा पेडण्याने जास्त चांगले शिकवले.

अपघातांविषयीच्या विचारांचे प्रवाह इथून पाहायला सोपे जातात.

सर्वात जुना प्रवाह माणसाला दोष देणारा. अमेरिकेत हाइनरिखने १९३१ साली विमा कंपनीचे अहवाल चाळून लिहिले की शंभरांतले अठ्ठ्याऐंशी अपघात कामगाराच्या चुकीच्या वागण्याने होतात. हा आकडा जगभर फिरला, अजून फिरतो. पण ते अहवाल लिहिले कोणी? वरच्या माणसांनी. 'काम वेळेत पूर्ण' असे जिथे लिहिले जाते, तिथे 'मजुराचा निष्काळजीपणा' असेही सहज लिहिले जाते. त्यामुळे या आकड्यावर माझा विश्वास नाही. हाइनरिखची दुसरी गोष्ट मात्र मी मानतो: एका मोठ्या अपघाताच्या पोटात थोडक्यात टळलेले पुष्कळ प्रसंग असतात, आणि ते मोजले पाहिजेत.

दुसरा प्रवाह व्यवस्थेकडे बघणारा. जेम्स रीझन यांनी १९९० च्या सुमारास मांडले की प्रत्येक संरक्षक थराला भोके असतात आणि भोके एका ओळीत आली की अपघात आरपार जातो. रेल्वेवाल्याने यासाठी क्लॅपहॅम वाचावे. १२ डिसेंबर १९८८ ला लंडनमध्ये गाड्या एकमेकींवर आदळून ३५ जण ठार झाले. कारण एक जुनी तार, जी सिग्नलच्या नूतनीकरणात काढून टाकायची राहिली होती. ती जागेवर ठेवणाऱ्या तंत्रज्ञाला तेरा आठवड्यांत एकच दिवस सुट्टी मिळाली होती. चौकशी करणाऱ्या अँथनी हिडन यांनी त्या माणसापाशी थांबायचे नाकारले आणि बोट वेळापत्रकावर ठेवले: आठवड्याअखेरचे ओव्हरटाइम, तपासणीचा अभाव, थकवा. पुढे ब्रिटिश रेल्वेवर कामाच्या तासांना ज्या मर्यादा आल्या, त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या गेल्या. मजुराचा थकवा प्रवाशाच्या जिवावर येतो, हे इतके स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

तिसरा प्रवाह रचनाकाराला जबाबदार धरतो. धोका ज्याने काढला त्याच्याच पेन्सिलीने तो पुसावा, हे सूत्र. युरोपने १९९२ साली आणि ब्रिटनने १९९४ साली ते कायद्यात आणले. पानवलचा पूल या विचाराचा आपला नमुना. सिंगापूरला हा धडा महागात पडला. एप्रिल २००४ मध्ये निकोल हायवेखाली भूमिगत रेल्वेसाठी खणलेला खड्डा कोसळला, चौघे गेले. आधाराच्या जोडांच्या रचनेत चूक होती, आणि जमीन सरकत असल्याचे मोजमाप कित्येक दिवस सांगत होते. काम थांबवले गेले नाही. दोन वर्षांनी तिथे नवा कायदा आला. त्याआधी दहा वर्षे, १९९४ साली, लंडनच्या हीथ्रोखालचे बोगदे कोसळले होते, सुदैवाने जीवितहानी न होता. दोन्हीकडे मोजणारे होते. मोजलेले पाहून काम थांबवायचा अधिकार कोणाचा, हे ठरलेले नव्हते.

चौथा प्रवाह, नियोजनशास्त्राचा, वेगळ्याच वाटेने वाढला. गँटचे तक्ते, १९५७ साली ड्यू पाँट कंपनीत आकाराला आलेली क्रिटिकल पाथ पद्धत, पुढच्याच वर्षी अमेरिकन नौदलाची पर्ट. या सगळ्यांत कामे आहेत, दिवस आहेत, पैसे आहेत. माणूस आहे तो 'मजूर, अकुशल, ४०' असा. १९९० च्या दशकात ग्लेन बॅलर्ड यांनी विचारले, की शेवटची आखणी करतो तरी कोण? जो उद्या सकाळी प्रत्यक्ष काय होणार हे ठरवतो तोच ना? त्याला त्यांनी शेवटचा नियोजक म्हटले आणि आखणीच्या बैठकीत बसवले. हे वाचले तेव्हा मला आमचा मुकादम आठवला. आपल्याकडे शेवटचा नियोजक दीडशे वर्षांपासून आहे. त्याला बैठकीला बोलावलेले नाही, इतकेच.

आणि पाचवा प्रवाह, ज्याला अभियंते प्रवाह मानत नाहीत: मजुरी, कंत्राट आणि वस्ती यांचा. उचल घेऊन आलेला माणूस काम नाकारू शकत नाही. चौथ्या पायरीवरच्या पोटकंत्राटदाराकडे हेल्मेटचे पैसे पोचत नाहीत. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्यात रेल्वेचे काम स्पष्टपणे येत होते. बांधकामखर्चावर एक टक्का सेस, वर्षात ९० दिवस काम केलेल्याची नोंदणी, पन्नासहून अधिक बायका असतील तिथे पाळणाघर, पाचशे वा अधिक मजूर असतील तिथे सुरक्षा अधिकारी, सगळे त्यात होते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची अंमलबजावणी किती तुटपुंजी होती यावर कठोर शब्दांत बोट ठेवले. २०२० साली संसदेने जुने कायदे एकत्र करून नवी संहिता मंजूर केली, आणि ती २०२५ साली लागू झाली. कायद्याची भाषा बदलत राहील. नव्वद दिवसांचा दाखला मागायला गेलेल्या मजुराला तो कोण देतो, हा प्रश्न मात्र तसाच आहे, कारण तोवर कंत्राटदार पुढच्या जिल्ह्यात गेलेला असतो.

हे आत्ताच का लिहायचे? कारण देशात इतके रेल्वेचे काम एकाच वेळी क्वचितच चालले असेल. मुंबई-अहमदाबादचा ५०८ किलोमीटरचा वेगवान मार्ग, त्यातला २१ किलोमीटरचा बोगदा आणि त्यातले सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावर मेच्या उन्हात चाललेला भराव. शहरांतल्या मेट्रो. आणि कामाबरोबर येणाऱ्या बातम्या. ३० जून २०२२ ला मणिपूरमध्ये तुपुलजवळ डोंगर खचला. खाली रेल्वेच्या कामावरची माणसे आणि त्यांच्या संरक्षणाला आलेले प्रादेशिक सेनेचे जवान छावणीत झोपलेले होते. साठच्या आसपास माणसे गेली. त्यांतले बरेच जण त्या क्षणी काम करत नव्हते. छावणी कुठे बसवायची हा आखणीचाच प्रश्न असतो, तरी सुरक्षेच्या कोणत्याही तपासणी यादीत तो मी क्वचित पाहिला. २३ ऑगस्ट २०२३ ला मिझोराममध्ये सायरंगजवळ पुलावरची गॅन्ट्री कोसळून वीसहून अधिक मजूर ठार झाले. त्यांतले बहुतेक बंगालच्या मालदा जिल्ह्यातले. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला, आपल्या शहापूर तालुक्यात सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर लाँचर कोसळला आणि वीस माणसे गेली. ते काम रस्त्याचे होते. पण तेच यंत्र उद्या रेल्वेच्या पुलावर चढते, बरेचदा तीच टोळी घेऊन.

२०२४ च्या जून महिन्याच्या तोंडावर ठाण्याच्या फलाटासाठी ६३ तासांचा ब्लॉक झाला. प्रवाशांच्या हालांवर रकानेच्या रकाने आले, आणि ते यायलाच हवे होते. त्या ६३ तासांत किती माणसांनी किती पाळ्या केल्या, ती कुठे झोपली, हे विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. आजची कंत्राटे कमी वेळात जास्त काम मागतात आणि चालू गाड्यांच्या मधल्या फटी अरुंद होत चालल्या आहेत. त्या फटींत माणूस घालायचा असेल तर फटीचे माप आधी घ्यावे लागेल.

पुस्तकात काय करायचे ठरवले, ते आता सांगतो. कंट्रोल ऑफिसमधल्या चार्टवर एका बाजूला अंतर आणि दुसऱ्या बाजूला वेळ असते. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. बांधकामवाले लांबट प्रकल्पांसाठी काढतात तो वेळ-अंतराचा तक्ताही अगदी तसाच असतो, फक्त गाड्यांच्या जागी कामाच्या टोळ्या. हे दोन कागद एकाच खात्यातल्या दोन खोल्यांत टांगलेले असतात आणि एकावर एक ठेवून क्वचितच पाहिले जातात. ठेवले, तर टोळीची रेघ गाडीच्या रेघेला कुठे छेदते ते पेन्सिलीनेही दिसते. आम्ही तेच केले आहे. आठ प्रत्यक्ष कामे घेऊन, कुठलीही कंपनी वा कचेरी न ओळखता येईल अशा बेताने, त्यांच्या आखण्या पुन्हा मांडल्या आणि विचारले: इथे माणूस कुठे उभा होता? त्याला थांब म्हणायचा हक्क होता का? ब्लॉक अर्धा झाला तर काय सोडायचे हे आदल्या दिवशी ठरले होते का?

लिहिणारे सगळे अभियंते नाहीत. लोहमार्गावर तीस वर्षे काढलेले निवृत्त मुकादम आहेत, छावणीत दवाखाना चालवलेली डॉक्टर आहे, कामगारांचे दावे चालवणारे वकील आहेत, आणि एक बाई आहेत ज्यांनी दोन लेकरांना भरावाच्या कडेला झोळीत ठेवून माती वाहिली. त्यांचे म्हणणे सांगितले तसे, त्यांच्याच बोलीत ठेवले आहे. मतभेदही ठेवले आहेत. काम थांबवण्याचा अधिकार मुकादमाला द्यावा की नाही, यावर या पुस्तकातल्या दोन लेखकांचे जमलेले नाही. माझे मत द्यावा असे आहे, आणि थांबवलेल्या कामाची मजुरी कापू नये असेही आहे. कारण मजुरी कापली जाणार असेल तर तो अधिकार कोणी वापरणार नाही. पण दुसऱ्या बाजूचा लेख वाचून मला माझे दोन मुद्दे बदलावे लागले.

पुस्तक नियमावली म्हणून वापरू नये, नियमावल्या आहेत. तरुण साइट इंजिनीअरने पहिल्या पोस्टिंगच्या आधी ते वाचावे, निविदा लिहिणाऱ्याने दंडाचे कलम लिहिण्यापूर्वी गॉटहार्डवरचा लेख वाचावा, अशी इच्छा आहे. शेवटी आखणीचा एक कोरा नमुना दिला आहे. त्यात यंत्रे आणि खडी यांच्या आधीचा पहिला रकाना माणसांचा आहे: कोण, किती तासांपासून जागा, कुठली भाषा समजते, गाडी आली तर कुठे उभा राहणार.

आभार मानायचे तर सर्वात आधी त्या माणसांचे, ज्यांनी दिवसभराच्या कामानंतर, स्टोव्हवर भात शिजत असताना आमच्याशी बोलायला वेळ काढला. त्यांना प्रत द्यायचे कबूल केले होते. पण काम संपले की वस्ती उठते, आणि बऱ्याच जणांचे फोन नंबर लागेनासे झाले आहेत. त्यांच्या नावाच्या एकतीस प्रती बाजूला काढून आमच्या जुन्या मुकादमाकडे ठेवल्या आहेत. टोळ्या कुठल्या जिल्ह्यात गेल्या, हे आमच्यापेक्षा त्यांना लवकर कळते. पाच प्रती आतापर्यंत पोचल्या आहेत.